डॉक्टरांच्या फाइली सांभाळणारं सॉफ्टवेअर, वर्षभर वापरल्यावर

मी एका शंभर बेडच्या हॉस्पिटलमध्ये क्वालिटी बघते, एनएबीएच (हॉस्पिटलच्या दर्जाची मान्यता) आहे आमच्याकडे. क्रेडेन्शियलिंगसाठी, म्हणजे डॉक्टरांची डिग्री, रजिस्ट्रेशन वगैरे तपासून कोणी काय करायचं ते ठरवण्यासाठी, गेल्या वर्षी हे सॉफ्टवेअर घेतलं, कंपनीचं नाव लिहीत नाही.

आधी सगळं एक्सेलमध्ये होतं. साठेक डॉक्टर, निम्मे व्हिजिटिंग, प्रत्येकाचं एमएमसी (महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल) रजिस्ट्रेशन वेगळ्याच महिन्यात संपणार. 5 वर्षांनी रिन्यूअल, त्याला कॉन्फरन्स-वर्कशॉप करून मिळवायचे 30 क्रेडिट पॉइंट, आणि ते आठवतात शेवटच्या महिन्यात. एकदा तर एका सर्जनचं रजिस्ट्रेशन संपून दीड महिना झालेला आणि ते रोज ओटीत केसेस करत होते, हे मला इन्स्पेक्शनच्या आदल्या रात्री फाइली लावताना कळलं. रात्रभर झोप नाही लागली. पेशंट टेबलावर झोपतो तो कोणीतरी कागद बघितलेत हे धरूनच ना.

आता 90, 60, 30 दिवस आधी डॉक्टरांना आणि मला व्हॉट्सॲप येतं, रजिस्ट्रेशन, बीएलएस-एसीएलएस (हृदय बंद पडल्यावर करायच्या उपचारांचं ट्रेनिंग), इंडेम्निटी पॉलिसी (डॉक्टरांवर दावा झाला तर लागणारा विमा) सगळ्याचं. याला पाच स्टार. कोणाला कुठल्या प्रोसिजरची परवानगी आहे ती यादी ओटीच्या सिस्टरना मोबाइलवर दिसते, त्यामुळे "सर, हे तुमच्या लिस्टला नाहीये, आधी मेडिकल सुपरिंटेंडंट सरांशी बोला" असं त्या आता ठामपणे सांगतात.

पण सर्टिफिकेट स्कॅन करून टाकलं की लगेच हिरवी टिक येते, हे चूक आहे. कागद खरा आहे का ते कोणी बघितलंच नाही! कौन्सिलच्या साइटवर नंबर तपासणं, युनिव्हर्सिटीला पत्र लिहिणं हे आम्हीच करतो. तीनदा सांगितलं सपोर्टला, टिक त्यानंतर येऊ द्या.

आणि हितसंबंधांचा फॉर्म, म्हणजे हॉस्पिटलच्या खरेदीत किंवा रेफरलमध्ये तुमचा स्वतःचा काही फायदा आहे का हे विचारणारा, त्यात फक्त हो किंवा नाही. साठच्या साठ जणांनी "नाही" टाकलं. परचेस कमिटीतल्या एका डॉक्टरांचा सख्खा भाऊ इम्प्लांटचा डीलर, अख्ख्या गावाला माहीत, सॉफ्टवेअरला नाही. रेफरलवर कट घ्यायचा नाही हे डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या 2002 च्या नियमावलीतच आहे, कंपनीच्या खर्चाने प्रवास आणि गिफ्ट नको हे 2009 ला त्यात आलं, मग फॉर्ममध्ये तेच नीट विचारा की. शेवटी आम्ही कागदी फॉर्म केला, नातेवाइकांची फर्म, लॅब-स्कॅन सेंटरमधली भागीदारी, स्पॉन्सर्ड कॉन्फरन्स, सगळे रकाने वेगळे. त्या डॉक्टरांनी स्वतःहून भरला आणि आता इम्प्लांटचे रेट निघाले की ते उठून बाहेर जातात, मला फार बरं वाटलं ते बघून.

साडेतीन स्टार. रिन्यू केलंय, पण टिकचं दुरुस्त करून देणार हे लेखी घेऊनच.