पहाटेच्या धावण्यासाठी हवामान खात्याचे रडार: एका पावसाळ्यानंतरचा अभिप्राय

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, त्यामुळे तिच्या तयारीतले लांब पल्ले जुलै-ऑगस्टमध्येच सुरू करावे लागतात आणि पाऊस थांबण्याची वाट पाहत बसणे परवडत नाही. मी बोरिवलीला राहते आणि रविवारी राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांकडे जाणाऱ्या चढाच्या रस्त्यावर धावते. गेल्या पावसाळ्यात मी सरावाच्या वेळा भारतीय हवामान खात्याच्या दोन मोफत सेवांवर बेतल्या: मुंबईच्या रडारची चित्रे आणि जिल्हावार दिला जाणारा पुढच्या तीन तासांचा अंदाज, म्हणजे नाऊकास्ट.

त्याआधी मी फोनवरच्या एका लोकप्रिय खासगी ॲपवर विसंबून होते. जुलैत त्या ॲपने सलग चार दिवस ढग-विजेचे चिन्ह आणि नव्वद टक्के हा आकडा दाखवला, म्हणून मी चारही दिवस घरी राहिले आणि चारही दिवशी पहाट कोरडी गेली. पाऊस आला तो नऊनंतर. आकडा कदाचित चुकीचाही नसेल, पण तो अख्ख्या दिवसाचा होता आणि मला हवे होते पाच ते सात हे दोन तास. पावसाळ्यात धावणाऱ्याने ‘आज पाऊस आहे का’ असे न विचारता ‘पुढच्या दोन तासांत माझ्या रस्त्यावर सर येते आहे का’ असे विचारले पाहिजे, आणि या प्रश्नाचे उत्तर मला रडारइतके नेमके कुठेच मिळाले नाही.

मुंबईसाठी खात्याची दोन डॉप्लर रडार (पावसाच्या थेंबांवरून परतणाऱ्या रेडिओलहरींवरून पाऊस टिपणारी यंत्रे) आहेत, एक कुलाब्याला आणि दुसरे वेरावलीला. चित्रात फिका निळा-हिरवा रंग हलक्या सरींचा, तर पिवळा आणि तांबडा जोरदार सरींचा असतो. एकाच चित्रावरून फारसे कळत नाही. पंधरा-वीस मिनिटांच्या अंतराने दोन-तीन चित्रे पाहिली की पावसाचा पट्टा कोणत्या दिशेने आणि किती वेगाने सरकतो आहे हे ध्यानात येते. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिम-नैऋत्येकडून वाहतो, म्हणून नजर समुद्रावर ठेवावी. पट्ट्याची कडा वीस मिनिटांत दहा किलोमीटर पुढे आली असेल, तर तिचा वेग ताशी तीस किलोमीटर झाला, आणि ती तीस किलोमीटरवर असेल तर हाताशी तासभर आहे, असा हा साधा हिशेब आहे. चित्रावरच्या वेळेपुढे ‘झेड’ किंवा ‘यूटीसी’ (म्हणजे जागतिक प्रमाणवेळ) असेल, तर तीत साडेपाच तास मिळवायला विसरू नये. 23:20 म्हणजे आपली पहाटेची 4:50. जुने चित्र ताजे समजण्याची चूक इथेच होते.

ऑगस्टमधला एक रविवार सांगते. पावणेपाचला खिडकीबाहेर रस्ता ओला होता, पागोळ्या गळत होत्या आणि फोनवर तेच ढग-विजेचे चिन्ह होते. रडारवर मात्र एक पट्टा डहाणूच्या पुढे निघून गेलेला दिसला आणि दुसरा अलिबागच्या पश्चिमेला, अजून समुद्रावरच होता. मधली जागा मोकळी होती. सव्वापाचला बाहेर पडले, सोळा किलोमीटर पूर्ण केले आणि सात वाजून गेल्यावर उद्यानाच्या दाराशी पोहोचत असताना पहिले टपोरे थेंब अंगावर आले. दर वेळी हिशेब इतका जुळत नाही, कारण रडार पडत असलेला पाऊस दाखवते, पडणार असलेला नव्हे. डोक्यावरच नवा ढग तयार झाला तर आधीच्या चित्रात त्याचा मागमूसही नसतो. ही उणीव काही अंशी नाऊकास्ट भरून काढतो, पण तो जिल्ह्यापुरता असतो, आणि मुंबई उपनगरासारख्या छोट्या जिल्ह्याला तो जितका चपखल बसतो तितका पुण्यासारख्या लोणावळ्यापासून इंदापूरपर्यंत पसरलेल्या जिल्ह्याला बसणार नाही.

खाते देत असलेले पावसाचे पिवळे, नारंगी आणि लाल इशारे वाचतानाही थोडी समज लागते. खात्याच्या परिभाषेत ‘जोरदार’ म्हणजे चोवीस तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर पाऊस, आणि हे चोवीस तास सकाळी साडेआठ ते साडेआठ असे मोजले जातात. एवढा पाऊस दिवसभर रिपरिपत पडू शकतो किंवा दोन तासांत कोसळू शकतो. पिवळ्या किंवा नारंगी इशाऱ्याच्या दिवशी मी रडार पाहून ठरवते. लाल इशारा असला की धावत नाही, मग आकाश कितीही उघडे दिसो.

ऑक्टोबरमध्ये प्रश्न बदलतो. परतीच्या पावसाचे गडगडाटी ढग बहुधा दुपारनंतर चढतात, म्हणून संध्याकाळी धावणाऱ्यांनी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे विजेची सूचना देणारे ॲप फोनवर ठेवावेच. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदही गेले नाहीत, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे; तेव्हा झाडाखाली न थांबता पक्क्या इमारतीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.

एका गोष्टीत मात्र रडारचा काही उपयोग नाही, ती म्हणजे दमटपणा. कोरड्या पहाटेसुद्धा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे दव होऊ लागते ते तापमान, पंचवीस अंशांच्या आसपास असला की घाम वाळत नाही, शरीर थंड होत नाही आणि नेहमीच्याच वेगाला नाडी जास्त पळते. त्यामुळे मी निघताना दवबिंदूही पाहते आणि तो चोविसाच्या वर असला की किलोमीटरमागे अर्ध्या मिनिटाची सूट घेते.

जिला पहाटे दहा मिनिटे चित्रे न्याहाळायची तयारी आहे, तिला ही सेवा मी मनापासून सुचवेन. पहिले दोन आठवडे रंग आणि वेळा लावण्यात जातात, माझेही गेले. त्यानंतर सप्टेंबरअखेरपर्यंत पावसामुळे माझे फक्त तीन रविवार बुडाले, आणि त्यातले दोन लाल इशाऱ्याचे होते.