स्पॅटस्टॅट: झाडांचे ठिपके वाचायला भारी, पण डिफॉल्टवर जाऊ नका

जंगलातल्या प्रत्येक झाडाचे कोऑर्डिनेट्स हातात आहेत आणि कुठली जात कुणाला चिकटून वाढते, कुणापासून लांब राहते हे बघायचंय, तर आर या स्टॅटिस्टिक्सच्या प्रोग्रॅमिंग भाषेतलं स्पॅटस्टॅट हे पॅकेज बिनधास्त घ्या. फुकट आहे आणि सोबत येणारा डेटा तर एक नंबर. मिशिगनमधल्या लान्सिंग वुड्सची 2251 झाडं जातवार दिलीत, हिकरी आणि मेपल या दोन जाती घेऊन एलक्रॉस (एका जातीच्या झाडाभोवती किती अंतरात दुसरीची किती झाडं आहेत ते मोजणारं फंक्शन) चालवा, दोघं एकमेकांपासून फटकून असतात हे लगेच दिसतं.

दुसरा डेटा पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटाचा, 1000 बाय 500 मीटरच्या प्लॉटमधली एकाच जातीची 3605 झाडं, वर उंची आणि उताराचे नकाशेपण, आणि डोकेदुखी इथेच सुरू होते. साधा रिप्लीचा के (एका झाडाभोवती ठरावीक अंतराच्या आत सरासरी किती झाडं आहेत याचं माप) काढला की झाडं घोळक्याने आहेत असा निकाल येतो, पण तो घोळका बिया आईच्या झाडाखालीच पडल्या म्हणून झाला की त्या जातीला उतारच मानवतो म्हणून, हे के ला काय कळणार! आधी उतार-उंचीचं मॉडेल बसवा, मग केइनहोम, म्हणजे झाडांची दाटी जागोजागी वेगळी असते हे धरून केलेला के, काढा. शिवाय के मध्ये जवळच्या अंतरांची बेरीज पुढे वाहत जाते, म्हणून नेमकं किती मीटरवर काय होतंय ते पेअर कोरिलेशनमध्येच बघा, ते फक्त त्या-त्या अंतरावरच्या झाडांच्या जोड्या बघतं.

माझी खरी तक्रार एन्व्हलपबद्दल आहे, म्हणजे कॉम्प्युटरवर बनावट जंगलं (सिम्युलेशन) तयार करून खऱ्या झाडांची त्यांच्याशी तुलना करणाऱ्या फंक्शनबद्दल. काही न सांगता चालवलं तर ते "झाडं कुठेही पडू शकतात" या कल्पनेशीच तुलना करतं, आणि असं जंगल असतं का कुठे?? दोन जातींचा एकमेकींशी संबंध आहे का हे विचारायचं तर आरशिफ्ट या फंक्शनने त्यांना एकमेकींच्या तुलनेत सरकवा, म्हणजे प्रत्येकीची स्वतःची ठेवण शाबूत राहते. झाडं जागेवरच ठेवून नुसती लेबलं पिसायचं आरलेबल हे फंक्शन मेलेली-जिवंत झाडं असल्या प्रश्नांना वापरा, जातींना नाही. आणि 99 सिम्युलेशनची ती राखाडी पट्टी प्रत्येक अंतरासाठी वेगवेगळी असते, रेघ एका जागी बाहेर गेली की लगेच सिग्निफिकंट (म्हणजे निव्वळ योगायोग नाही) लिहून मोकळं व्हायचं नाही, सगळ्या अंतरांचा एकत्र निकाल देणारी मॅड टेस्ट करा. हे सगळं हेल्पमध्ये आहे बरं का, पण लिहिलंय स्टॅटिस्टिक्सवाल्यांसाठी.

2021 पासून पॅकेजचे तुकडे केलेत. लायब्ररी लोड केली की सगळं येतं, पण फंक्शनच्या आधी दोन कोलन देऊन पॅकेजचं नाव लिहायची सवय असेल तर जुन्या स्क्रिप्ट्स रुसतील. पाचपैकी चार स्टार.