संवादोपचार, औषध की दोन्ही? निवड करण्यापूर्वी

बोलण्याने आजार बरा होतो का, ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर बऱ्याच अंशी होकारार्थी आहे. १९७७ मध्ये मेरी ली स्मिथ आणि जीन ग्लास या संशोधकांनी संवादोपचारावरील सुमारे ४०० नियंत्रित अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा उपचार घेणाऱ्या सर्वसाधारण व्यक्तीची स्थिती उपचार न घेणाऱ्यांपैकी ७५ टक्के लोकांपेक्षा चांगली असल्याचे दिसले. मात्र ही सरासरी आहे; काहींना थोडाच उपयोग होतो आणि काहींचा त्रास वाढतोही. म्हणून कोणती पद्धत नावाजलेली आहे याआधी आपला त्रास कोणत्या प्रकारचा आहे, हे पाहावे.

सौम्य नैराश्य किंवा चिंता असेल, तर संवादोपचारापासून सुरुवात करणे मला अधिक योग्य वाटते. सीबीटी (बोधात्मक वर्तनोपचार) या पद्धतीत विचार आणि वर्तन यांची सांगड तपासली जाते, दोन भेटींच्या मधल्या काळात सराव करावा लागतो आणि साधारण १२ ते २० भेटींत उपचार आटोपतो. औषधाला एवढे श्रम लागत नाहीत, पण नैराश्यावरील औषधांचा परिणाम जाणवायला बहुधा दोन ते सहा आठवडे जातात, दुष्परिणाम मात्र आधी दिसू शकतात आणि गोळ्या मनाने अचानक थांबवणे त्रासदायक ठरते. औषध बंद केल्यानंतर नैराश्य परतण्याचा धोका सीबीटी पूर्ण केलेल्यांच्या तुलनेत अधिक आढळतो, कारण शिकलेले कौशल्य उपचार संपल्यावरही हाताशी राहते. नैराश्य तीव्र असेल, झोप, भूक आणि दैनंदिन कामेच कोलमडली असतील, तर दोन्ही एकत्र घेणे केवळ एकावर विसंबण्यापेक्षा सहसा अधिक गुणकारी असते. बायपोलर आजार (मनःस्थितीचे टोकाचे चढउतार) आणि स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा गंभीर आजार) यांत तर औषध हाच पाया असून संवादोपचार त्याला जोड देतो. तेथे गोळ्या टाळण्याचा सल्ला धोकादायक आहे.

मंत्रचळात (ओसीडी, म्हणजे नको असलेले विचार आणि त्यांपायी पुन्हा पुन्हा केली जाणारी ठरावीक कृती) नुसते मन मोकळे करून भागत नाही. भीती वाटणाऱ्या गोष्टीला टप्प्याटप्प्याने सामोरे जाऊन ठरलेली कृती न करण्याचा सराव करवून घेणारा तज्ज्ञ तेथे हवा. आघातानंतरच्या विकारासाठी आघातकेंद्रित सीबीटी किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने आघाताच्या आठवणींवर काम करणारी पद्धत) या पद्धतींना चांगला आधार आहे. नात्यांतील तेच ते गुंते पुन्हा पुन्हा उद्भवत असतील, तर भूतकाळात खोल जाणारी मनोगतिक पद्धत उपयोगी पडू शकते, पण तिला अनेकदा अधिक काळ लागतो.

कोणाकडे जावे, हेही यावरच ठरते. मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असल्याने औषधे देतात. मानसशास्त्रज्ञ मुख्यतः मूल्यमापन आणि संवादोपचार करतात. समुपदेशक शोक, ताण किंवा निर्णयाच्या पेचात सोबत करतात. पदवीइतकेच महत्त्व परस्परविश्वासाला आहे, कारण जवळपास सर्वच पद्धतींत या नात्याचा परिणामाशी संबंध आढळला आहे. पहिल्याच भेटीत विचारावे: अशा त्रासाचा आपणांस अनुभव आहे का, उद्दिष्ट काय असेल, प्रगती कशी मोजायची? या प्रश्नांनी जो तज्ज्ञ दुखावतो, त्याच्याकडे थांबण्याची सक्ती नाही.

सहा-आठ भेटींनंतरही काहीच हलले नसेल, तर ते तज्ज्ञाला स्पष्ट सांगावे आणि पद्धत, औषध किंवा व्यक्ती बदलण्याचा विचार करावा. जीव देण्याचे विचार मनात येत असतील, तर मात्र ही तुलना बाजूला ठेवून जवळच्या माणसाला सोबत घ्यावे आणि त्याच दिवशी तातडीची वैद्यकीय मदत मिळवावी.