‘बनगरवाडी’: चोळीच्या खणाने पडलेला दुरावा

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ 1955 साली पुस्तकरूपाने आली. जेमतेम दीडशे पानांची ही कादंबरी आजही सहज विकत मिळते. तिची गोष्ट सांगायला गेले तर दोन वाक्यांत संपते. औंध संस्थानातल्या, माणदेशातल्या एका धनगरवस्तीवर बंद पडलेली शाळा चालवायला एक कोवळा मास्तर येतो, गावात मिसळतो, आणि दुष्काळाने वाडी रिकामी झाल्यावर तिथून निघतो. नायिका नाही, खलनायक म्हणावा असा कोणी नाही, रहस्य तर नाहीच. तरीही पुस्तक हातातून सुटत नाही. याचे श्रेय बहुतेक समीक्षक माडगूळकरांच्या निसर्गवर्णनाला आणि माणदेशी बोलीला देतात. ते खरेच आहे, पण माझ्या मते वाचकाला धरून ठेवते ती मास्तर आणि वाडीतली माणसे यांच्यातली सतत कमी-जास्त होणारी जवळीक.

कारभाऱ्याचेच पाहा. वाडीतले हे वडीलधारे माणूस मास्तरच्या पाठीशी उभे राहते म्हणून शाळा चालते, पोरे येतात आणि मास्तरच्या शब्दाला वजन येते. पुढे कारभाऱ्याची मुलगी अंजी तालुक्याच्या गावी निघालेल्या मास्तरकडे चोळी शिवून आणण्याचे साधे काम सोपवते, मास्तरही ते सरळ मनाने करतो, आणि एवढ्यावरून म्हाताऱ्याच्या मनात संशयाचे बीज पडते. एखाद्या सामान्य लेखकाने इथे प्रेमकथा उभी केली असती, नाही तर भर चावडीवर तमाशा घडवला असता. माडगूळकर म्हाताऱ्याला फक्त अबोल करतात. कालपर्यंत आपुलकीने विचारपूस करणारा माणूस आज तोंड फिरवतो, आणि ज्याच्या भरवशावर मास्तर या परक्या वाडीत उभा होता तो आधारच गेल्यामुळे त्या अबोल्याची धास्ती मास्तरइतकीच वाचकालाही वाटते. आधीच्या प्रकरणांत त्या दोघांचे नाते इतक्या सावकाश उभे केले नसते, तर चोळीचा प्रसंग किरकोळ वाटून विसरला गेला असता.

बाकीची माणसेही अशीच मास्तरच्या संदर्भात उलगडत जातात. आनंदा रामोशी चोऱ्या करतो, पण मास्तरशी वागताना त्याचा एक वेगळाच सच्चेपणा दिसतो. आयबू मास्तरच्या आसऱ्याने राहून त्याच्या घरचाच होऊन जातो. दादू मात्र पहिल्यापासून वाकड्यात शिरतो. जपून ठेवलेले राणीछाप रुपये बदलून आणायला रामा बनगर मास्तरच्या हवाली करतो, तेव्हा शिकवायला आलेला हा पोरगा वाडीचा टपालवाला, सावकार आणि पंच असे सगळेच होऊन बसला आहे, हे लेखकाने वेगळे सांगावे लागत नाही. तालमीच्या बांधकामात वाडी एकदिलाने राबते तो भाग मला किंचित आदर्शवादी वाटतो, आणि राजेसाहेबांच्या आगमनाची पाने तर मी भराभर उलटली.

शेकूच्या बायकोचा प्रसंग मात्र सावकाश वाचावा. पेरणीच्या तोंडावर जोडीला दुसरा बैल मिळत नाही, तेव्हा ती स्वतःच्या खांद्यावर जू घेते. गरिबीचे हे चित्र प्रसिद्ध आहे, पण त्यात नवरा-बायकोचे नातेही तितकेच दिसते, कारण तक्रार किंवा दयेचा एकही शब्द न बोलता दोघे ती अडचण वाटून घेतात आणि माडगूळकरही त्यावर स्वतःचे गहिवरणे लादत नाहीत.

उणिवा सांगायच्या तर पहिली मास्तरचीच आहे. निवेदन त्याचे असूनही तो स्वतःबद्दल फार थोडे बोलतो; गावाकडचे त्याचे आईवडील फिकट रेषांत राहतात, त्यामुळे वाडी आणि घर यांच्यातली त्याची ओढाताण हवी तितकी जाणवत नाही. बोलीची सवय नसलेल्या वाचकाला पहिली काही पाने अडखळत जावे लागेल, परंतु संवाद इतके नेमके आहेत की शब्द अनोळखी असला तरी बोलणाऱ्याचा रोख कळतो. अमोल पालेकरांनी 1995 मध्ये याच कादंबरीवर चित्रपट केला; तो चांगला आहे, पण पुस्तक आधी वाचावे, कारण मास्तर मनातल्या मनात माणसांविषयीचे आपले अंदाज कसे बदलत जातो, हे कागदावर जास्त स्पष्ट उमटते.

माझी मोठी तक्रार अंजीबद्दल आहे. जिच्या चोळीवरून दोन पुरुषांमध्ये एवढा दुरावा आला, तिला त्याबद्दल काय वाटले हे कादंबरी विचारत नाही. कारभारी आणि मास्तर यांच्या नात्याला जितका अवकाश मिळाला, त्याच्या निम्मा जरी तिच्या वाट्याला आला असता, तरी दीडशेची एकशे साठ पाने झाल्याचे कोणाला जाणवले नसते.