जळगावचे ॲम्प्लिफायरवाले भाऊ आणि नानांचे सागवानी डबे

नानांचे जुने स्पीकरचे डबे भाऊंकडे दुरुस्तीला दिले होते. आधी तक्रार सांगते. "आठ दिवसांत देतो" म्हणाले आणि सत्तावीस दिवस लावले. तीनदा फोन केला, तिन्ही वेळा "ताई, परवा नक्की." शिवाय उजव्या डब्याची दर्शनी फळी कानशीनं घासताना ट्वीटरच्या (वरच्या सुरांच्या छोट्या स्पीकरच्या) भोकाजवळची करंगळीच्या पेराएवढी कपची उडवली. सागाचा भुसा फेव्हिकॉलमध्ये कालवून बुजवलंय, पण मला दिसायचं ते दिसतंच. म्हणून पाचपैकी चार.

आता कामाबद्दल. माझे वडील, नाना, भुसावळच्या लोको शेडमध्ये इलेक्ट्रिशियन होते. १९७९ साली ते मुंबईला लॅमिंग्टन रोडवर गेले आणि फिलिप्सचे आठ इंची वूफर (खालच्या सुरांचे मोठे स्पीकर) आणि एक इंची डोम, म्हणजे घुमटाच्या आकाराचे, ट्वीटर घेऊन आले. तयार परदेशी स्पीकर परवडायची गोष्टच नव्हती. यावलहून साग आणला, ओळखीच्या सुताराकडून डबे करून घेतले. नाना गेल्यावर ते डबे गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत गेले. भुसावळचा मे महिना ज्यानं काढलाय त्याला सांगायला नको की बाहेर पंचेचाळीस असताना पत्र्याखाली काय होतं.

मध्ये एकदा दुसऱ्या गावातल्या एका दुकानदारानं "डावा ट्वीटर जळालाय" म्हणून तिथं पिएझो जातीचा दुसरा ट्वीटर ठोकून दिला. जुना ट्वीटर परत दिला नाही, मीही मागितला नाही. तेव्हापासून किशोरीताई आमोणकर तार सप्तकात गेल्या की डाव्या कानाशी कुणी स्टीलचं ताट खरवडतंय असं वाटायचं. पिएझो लग्नाच्या मांडवात चालतो. घरात, सहा फुटांवर बसून ऐकायला नाही.

भाऊंच्या दुकानाला पाटी नाही. गोलाणी मार्केटच्या आसपास "ॲम्प्लिफायरवाले भाऊ" म्हणून विचारत गेलं की सापडतात. नाव-नंबर लिहू नका म्हणाले, मिक्सरवाले आधीच पिच्छा सोडत नाहीत. गाव पारोळ्याकडचं, त्यामुळे कामात रंगले की अहिराणीवर येतात. मी म्हटलं, दोन्ही ट्वीटर बदलून द्या, बाकी काही नको. त्यांनी उजव्या ट्वीटरला मल्टिमीटर लावला. सहा ओहमच्या आसपास आलं. आठ ओहमचा ट्वीटर मीटरवर एवढंच दाखवतो, म्हणजे आतली कॉइल शाबूत. मग मागची फळी खोलून क्रॉसओव्हर बाहेर काढला आणि म्हणाले, "ताई, ट्वीटर मरेल नही शे, कपॅसिटर सुकेल शे." म्हणजे ट्वीटर मेलेला नाही, कपॅसिटर सुकलाय.

क्रॉसओव्हर म्हणजे काय, तर प्लायवूडच्या तुकड्यावर एक कपॅसिटर आणि एक तांब्याची कॉइल. कपॅसिटर खालचे सूर अडवतो आणि ट्वीटरला फक्त वरचे पाठवतो, कॉइल वूफरसाठी उलटं काम करते. नानांनी बसवलेले कपॅसिटर इलेक्ट्रोलायटिक, म्हणजे आत ओला द्राव असलेले, ४.७ मायक्रोफॅरॅडचे. मला वाटलं होतं, म्हातारा झालाय म्हणजे आकडा कमी येईल. आला ६.१. भाऊ म्हणाले, आकडा वाढला म्हणजे ताकद वाढली असं नाही, आत गळती सुरू झाली की मीटर असाच फसतो. आणि समजा खरंच ६.१ धरला, तरी हिशेब वाईटच. आठ ओहमला ४.७ चा कपॅसिटर साधारण ४,२०० हर्ट्झवर ट्वीटरला कामाला लावतो, ६.१ चा सव्वातीन हजारावरच लावतो. जे ओझं वूफरनं उचलायचं ते एक इंचाच्या डोमवर पडतं. असल्या कपॅसिटरना उष्णता सोसत नाही. तापमान दर दहा डिग्रीनं वाढलं की आयुष्य निम्मं, असा ढोबळ नियम त्यांनी सांगितला. आमच्या पत्र्याच्या खोलीनं काय केलं ते मग वेगळं विचारलं नाही.

कॉइल तुम्ही बदलणारच असाल, असं मी म्हणाले. त्यांनी दोन्ही मोजल्या. एक ०.३० मिलिहेन्री, दुसरी ०.३१. कुणी गुंडाळल्या, विचारलं. नानांनी, दोऱ्याच्या रिळावर, मोटार वाइंडिंगच्या तारेनं. भाऊंनी कॅल्क्युलेटर माझ्यासमोर सरकवला. आठ ओहमला ०.३ मिलिहेन्रीची कॉइलसुद्धा ४,२०० हर्ट्झलाच येते.

डब्याच्या आत, मागच्या फळीवर, पेन्सिलीनं "४२००" लिहिलेलं आहे. आई मरेपर्यंत समजत होती की तो खर्चाचा आकडा आहे, आणि त्यावरून नानांना टोमणे मारत होती. नानांनी कधी खुलासा केला नाही.

कॉइल तशाच ठेवल्या. कपॅसिटर पॉलिप्रॉपिलिन फिल्मचे बसवले, एकेक नव्वद रुपयांचा. ऑनलाइन त्याच मापाचा दहापट महाग कपॅसिटर विकणारे आणि त्यावर निबंध लिहिणारे आहेत. मी भाऊंना विचारलं तेव्हा त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

आधी फक्त उजवा डबा ऐकवला. पेन ड्राइव्हवर तंबोऱ्याचं पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग होतं. जव्हारी (घोडीवरची तारेची बैठक) जागेवर असेल तर तार छेडल्यावर सूर आधी नाकातून निघाल्यासारखा येतो, मग पसरत जातो. इतकी वर्षं त्यातलं पसरणं मला ऐकूच येत नव्हतं. मी म्हटलं, मग ट्वीटर राहू द्या हाच. पण डावीकडे पिएझो, आणि जुन्या ट्वीटरचा जोडीदार काही मिळेना. एकच नवा घाला म्हटलं तर म्हणाले, "एका डोळ्याला चष्मा अन् एक उघडा, असं चालेन का तुम्हाला?" मुकाट्यानं सिल्क डोमच्या जोडीचे पैसे दिले. नानांचा ट्वीटर कापडात गुंडाळून घरी आणलाय.

नवी जोडी बसली आणि माझं तोंड उतरलं. सगळं चकचकीत, तबल्याची चाट टाचणीसारखी टोचणारी. नवा ट्वीटर वूफरपेक्षा तीन डेसिबलनं जास्त बोलत होता. आवाज थोडा अडवायला दोन रेझिस्टर लावले, २.२ ओहमचा सीरिजमध्ये आणि २० ओहमचा समांतर, आणि तो पायरीवरून खाली उतरला. ही पायरी बरेच जण गाळतात आणि मग "नवे ट्वीटर कर्कश" म्हणत बसतात. शेवटी रेडिओ दोन स्टेशनांच्या मधे लावून नुसती खरखर ऐकवली, एकदा डावीकडची, एकदा उजवीकडची. पोह्यावर शेव भुरभुरावी तसा आवाज. दोन्हीकडे सारखा आला तेव्हाच फळी बंद केली.

कपॅसिटर, रेझिस्टर, वायर मिळून ६४०, ट्वीटरची जोडी २,२००, मजुरी ८००. पावती मागितली तर वहीचं पान फाडून दिलं. ब्लूटूथचे डबे घेऊन जाणार असाल तर जाऊ नका, हात लावत नाहीत. दुपारी दोननंतर जा, त्याआधी शटर अर्धंच असतं. जुने निघालेले भाग मात्र आठवणीनं मागून घ्या. मी या वेळी मागितले.

डाव्या डब्याचा वूफर डग्ग्याच्या घुमाऱ्यावर अजून किंचित फडफडतो. दिवाळीनंतर आणा म्हणालेत. म्हणजे संक्रांत धरायची.