कुपवाडच्या वर्कशॉपमधील बॅफल : काम चोख, हिशेब तोंडी

बाजारातून आणलेला मोकळा सायलेन्सर बुलेटला लावल्यावर जो दणका निघतो, तो आवरण्यासाठी आत बॅफल बसवून देणारे सांगली-मिरजेत पुष्कळ भेटतात. मापाला धरून काम करणारे मात्र थोडे. कुपवाड एमआयडीसीतील एका लहानशा फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये मी बॅफल करून घेतला, त्याविषयी हा अभिप्राय.

बॅफल म्हणजे छिद्रे पाडलेला पाइप आणि त्याभोवती गुंडाळलेले ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंचा कापूस. धूर पाइपमधून सरळ बाहेर जातो आणि आवाजातील, विशेषतः त्याच्या कर्कश भागातील, बराचसा जोर छिद्रांवाटे ग्लासवूलमध्ये जिरतो. पाइपचे टोक बंद करून सगळा धूर छिद्रांतूनच काढला, तर आवाज आणखी उतरतो. पण छिद्रांचे एकूण क्षेत्रफळ पाइपच्या तोंडापेक्षा कमी पडले, की इंजिन कोंडते आणि पिकअप जातो. येथील कारागिराने हे आपणहून समजावून सांगितले, म्हणून मी सरळ पाइपचा प्रकार घेतला.

खरी कारागिरी दिसते ती फिटिंगमध्ये. सायलेन्सरच्या तोंडाचे आतले माप व्हर्निअरने आडवे-उभे घेऊन त्याने बॅफलची कडी लेथवर किंचित कमी मापाची उतरवली, कारण बॅफलचे ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टील तापल्यावर साध्या लोखंडापेक्षा जास्त प्रसरण पावते आणि थंड असताना ठोकून घट्ट बसवलेला बॅफल पुढे काजळी धरून आतच अडकतो. कडीला आतून आर्गन वेल्डिंगने नट जोडून खालून ६ मिलिमीटरचा बोल्ट आणि स्प्रिंग वॉशर दिला आहे. नुसत्या टॅकवर, म्हणजे वेल्डिंगच्या एक-दोन ठिपक्यांवर, भागवणारेही आहेत. त्यांचा बॅफल सुटला, तर तो मागून येणाऱ्याच्या नशिबी.

मालक मात्र मोबाइलमधील ॲपवर डेसिबल दाखवून पोलिसांची चिंता नको म्हणतात, ते मला पटले नाही. १७५ सीसीवरील मोटारसायकलींसाठी असलेली ८० डेसिबलची मर्यादा चालत्या गाडीवर ठरावीक पद्धतीने तपासतात, उभ्या गाडीमागे फोन धरून नव्हे. आवाजाचे मानक मोडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. बॅफलमुळे आवाज कानाला सुसह्य झाला, हे खरे. तरी कंपनीच्या सायलेन्सरची सर त्याला नाही, आणि निवड करायचीच असेल, तर पहिली पसंती कंपनीच्या सायलेन्सरलाच द्यावी.

दुसरी उणीव ग्लासवूलची. वरून स्टेनलेसची तार विरळ गुंडाळल्याने टोकाकडचे तंतू धुराबरोबर बाहेर येत होते. मी हटकल्यावर त्यांनी बारीक जाळी चढवून दिली, पण ती मुळातच हवी होती. पावती मिळत नाही. ग्लासवूल कालांतराने जळून विरते आणि पुन्हा भरावे लागते. त्याचे पैसे वेगळे पडतात, तेव्हा काम देतानाच ते विचारून घ्यावेत.