४०,४०० रुपये आणि अक्काच्या पायाची दोन बोटं

आकडा आधीच सांगून टाकतो, कारण तो लपवण्यात माझे तीन महिने गेले. मधुमेह बरा करतो म्हणणाऱ्या शिबिरात माझ्या आणि माझ्या बहिणीच्या, अक्काच्या, पुडीपायी मी घालवलेले चाळीस हजार चारशे रुपये. त्यातले १३,३०० रोख, २७,१०० फोनवरून. दोघांची नोंदणी ४००, माझा कोर्स १२,८००, अक्काचा १४,५००, लाकडी पेले दोन, त्यांचे २,९००, आणि दुसऱ्या महिन्यात ‘शुद्धीकरणा’ची दोन पाकिटं ९,८००. अक्काच्या दवाखान्याचं बिल ६१,७५० झालं, ते यात धरलेलं नाही.

मी बेळगावातल्या एका पतसंस्थेत एकतीस वर्षं कारकुनी केली. व्हाउचर, किर्द, जामीनदारांच्या सह्या. सही जुळली नाही तर ओळखीच्या माणसालाही काउंटरवरून परत पाठवलंय. त्यामुळे आता घरात तोंडावर कुणी काही बोलत नाही, खरं पाठीमागे काय बोलणं होतं ते मला कळतं.

शिबिराचं वर्णन लांबवत नाही, असली शिबिरं तुम्हीही बघितली आहेत. पेपरातून आलेलं पत्रक, मंगल कार्यालय, पांढरा कोट, ‘मधुमेह मुळापासून बरा, गोळ्या-इन्सुलिन कायमचं बंद’. स्टेजवर बरे झालेले म्हणून दोघे, एक मराठीत बोलणारा, एक कन्नडमध्ये. फक्त एक गोष्ट सांगतो. आल्याआल्या सगळ्यांना शिरा आणि गोड चहा दिला आणि तासाभराने बोटाला टोचून साखर मोजली. माझी २६८ आली. आठ दिवसांनी परत मोजायला बोलावलं ते सकाळी सातला, काही न खाता. तेव्हा आली ९६. सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. खाल्ल्यानंतरचा आकडा आणि उपाशीपोटीचा आकडा एकमेकांशेजारी ठेवायचे नसतात, हे नऊ वर्षं डायबेटीस अंगावर असलेल्या माणसाला त्या दिवशी सुचलं नाही.

लोक विचारतात, तू फसलास कसा? राग येतो, तरी उत्तर देतो. त्यांनी मला नवीन काहीही सांगितलं नाही. जे माझ्या डोक्यात आधीपासून होतं तेच मला परत विकलं. गोळ्यांनी किडनी खराब होते, हे मी कट्ट्यावर वीस वेळा ऐकलं होतं. (किडनी खराब करते ती वर्षानुवर्षं वाढलेली साखर. बिघडलेल्या किडनीच्या माणसाची गोळी डॉक्टर बदलतात, त्याचा लोकांनी उलटा अर्थ लावलाय.) इन्सुलिन म्हणजे शेवटची पायरी, एकदा लागलं की सवय लागते, हेही आमच्या घरात सगळे मानायचे. साखर वाईट, गूळ चालतो. आमच्या सगळ्या भागात ऊस, गुऱ्हाळं, काकवी. गूळ वाईट असं आमच्याकडे म्हणणार कोण? स्टेजवरचा माणूस म्हणाला, ‘साखर केमिकल, गूळ देशी’, आणि माझी मान आपोआप हलली. रक्तात गेल्यावर गूळही साखरच होतो. अक्का दिवसातून चार वेळा गुळाचा चहा प्यायला लागली, ते त्या एका वाक्यावर.

माझी अक्का चौसष्ट वर्षांची. खानापूर तालुक्यात राहते. एकवीस वर्षं डायबेटीस, सहा वर्षं इन्सुलिन. तिला या सगळ्यात ओढलं ते मी. ती नको म्हणत होती. मीच म्हटलं, पैसे मी भरतो, पोटाला रोज सुई टोचून घेण्यापेक्षा तीन महिने पूड खा. हे वाक्य मी बोललोय आणि ते मला परत घेता येत नाही.

पावतीचं सांगतो. पावती दिली, नाही असं नाही. तिच्यावर औषधाचं नाव नव्हतं. ‘आरोग्य सेवा निधी – देणगी’ असं छापलं होतं. मी ते वाचलं. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या पावत्या वाचलेल्या माझ्या डोळ्यांनी तो शब्द वाचला, मी काउंटरवरच्या पोराला विचारलंसुद्धा, देणगी का? तो म्हणाला, ‘काका, टॅक्ससाठी असतंय.’ मागे रांग होती. मी घडी घालून पावती खिशात टाकली. पाकिटावर बॅच नंबर नव्हता, परवाना नंबर नव्हता, बारीक अक्षरात ‘आहारपूरक’ एवढंच. ते मी घरी येऊन चष्मा लावल्यावर बघितलं आणि पैसे भरून झालेत म्हणून गप्प बसलो.

खरं हे सगळं एकवेळ माफ करीन. जे माफ होत नाही ते मार्चमधलं आहे. एका संध्याकाळी अक्काचा फोन आला. “रातीला चार-चारदा उठायलोय बघ मी. तोंड सुकायलंय. किती पाणी पिऊ? आणि अंगात ताकदच नाही रे.” मी लगेच पाकिटावरच्या नंबरला फोन लावला. पलीकडचा माणूस आनंदाने म्हणाला, “अभिनंदन. साखर लघवीवाटे बाहेर पडतेय. चांगलं लक्षण आहे. शुद्धीकरण सुरू झालंय, त्याचं वेगळं पाकीट घ्या, नाहीतर विष अर्धवट राहील. आणि बाहेर कुठे साखर तपासू नका, या काळात जास्तच दाखवणार.”

मी त्याच फोनवरून ९,८०० रुपये पाठवले. मग अक्काला फोन करून तेच वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

मधुमेह या शब्दाचा अर्थच गोड लघवी होणं असा आहे. रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेली की किडनीला ती अडवता येत नाही, ती लघवीत उतरते, सोबत पाणी ओढून नेते, म्हणून सारखी लघवी, म्हणून तहान. पूर्वी मोरीत मुंग्या लागल्या की घरातल्या म्हाताऱ्यांना कळायचं. म्हणजे ज्याला तो माणूस बरं होणं म्हणत होता तोच रोग होता, आणि आपल्या भाषेने तो नावातच सांगून ठेवलाय. मला डायबेटीस झाला तेव्हा मीसुद्धा असाच रात्री उठत होतो. मला माहीत होतं! तरी मी ते तिच्या बाबतीत ओळखलं नाही, कारण माझी स्वतःची साखर ९६ आली होती.

त्या ९६चंही ऐका. मला रोज अकराच्या सुमाराला हात थरथरून घाम यायचा, डोळ्यांपुढे अंधारी यायची, वखवखल्यासारखी भूक लागायची. तेही ‘विष निघतंय’ मध्येच बसवलं. एकदा पहाटे तीनला बायकोने मला हलवलं तर मी नीट बोलेना. शेजारच्या मुलाने त्याच्या वडिलांच्या मशीनवर मोजलं, साखर ४८वर उतरलेली. तिने साखरेचं पाणी पाजलं आणि मी भानावर आलो. आमचे जुने डॉक्टर पाकीट हातात घेऊन म्हणाले, प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय खात्रीने सांगणार नाही, पण झाडपाला इतक्या झटकन साखर पाडत नाही. अशा पुडीत साखर उतरवणारी ॲलोपॅथीची गोळी कुटून घातल्याची प्रकरणं सापडलेली आहेत. ज्या गोळीने किडनी जाते म्हणून मी पळालो, बहुतेक तीच गोळी, मात्रा न कळता, मी १२,८०० रुपयांना विकत घेऊन खात होतो. इन्सुलिन तयार करणाऱ्या माझ्या स्वादुपिंडात थोडा दम शिल्लक होता म्हणून त्या पुडीने साखर पडली. अक्काचं स्वादुपिंड एकवीस वर्षांत थकलेलं. तिला बाहेरून इन्सुलिनच लागतं, पूड कसलीही असो.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तिला बेळगावात आणलं. साखर ४८६. चपलेच्या पट्ट्याने पायाला जखम झालेली, तिला कळलंच नव्हतं, कारण पायाची संवेदना आधीच कमी होती. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट काढावं लागलं. डायबेटीस असलेल्या माणसाचे तळपाय रोज रात्री दुसऱ्या कुणीतरी उजेडात बघावेत. दुखत नाही म्हणजे जखम नाही असं धरू नका.

आता तक्रारीचं.

शहरातल्या एका पोलीस ठाण्यात गेलो. पाकिटावरचा पत्ता सीमेपलीकडचा, महाराष्ट्रातला. म्हणाले, माल तिकडचा, तिकडे जा. दुसऱ्या दिवशी बस पकडून सीमेपलीकडच्या ठाण्यात गेलो. ते म्हणाले, शिबिर बेळगावात, पैसे बेळगावात दिले, तिथेच तक्रार द्या. बसच्या तासाभराच्या अंतरात मी दोन राज्यांच्या मधे चेंडूसारखा फिरलो. आमच्या भागातल्या माणसाला हे काही नवं नाही, खरं त्या दिवशी अक्का अतिदक्षता विभागात होती. परत आलो तर अर्ज कन्नडमध्ये द्या म्हणाले. मला कन्नड चांगलं बोलता येतं, अर्ज लिहिण्याइतकं येत नाही. समोरचा हवालदार माझ्याशी मराठीतच बोलत होता. राज्यघटनेचं ३५०वं कलम सांगतं की गाऱ्हाणं संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. ते मला तेव्हा माहीत नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नाही. भाच्याकडून कन्नडमध्ये लिहून घेतलं, तर साहेब बंदोबस्ताला गेलेले. चार फेऱ्या. पाचव्या फेरीत अर्जावर शिक्का मिळाला, गुन्हा नोंद नाही.

हद्दीचं कारण कुणी सांगितलं तर ऐकून परत फिरू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३व्या कलमात स्पष्ट आहे की दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न बघता घ्यायची आणि मग योग्य ठाण्याकडे पाठवायची. कलमाचा आकडा कागदावर लिहून न्या. मी रिकाम्या हाताने गेलो होतो.

मग औषधांच्या कार्यालयात. हे औषध नाही, आहारपूरक आहे, दुसरीकडे जा. दुसरीकडे गेलो. चूर्ण आहे, आयुर्वेदवाल्यांकडे जा. आयुर्वेदवाल्यांनी पाकीट उलटसुलट करून सांगितलं, फोडलेल्या पाकिटाचा नमुना घेता येत नाही, सीलबंद आणा. सीलबंद कुठून आणू? विकणाऱ्याचा फोन बंद आहे हे तर त्या तिघांनीही बघितलं होतं! ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीची तक्रार घेणाऱ्या १९३० या सरकारी नंबरवर फोन केला तेव्हा पैसे पाठवून महिना उलटला होता. त्या नंबरचा उपयोग पहिल्या काही तासांत, पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत. मला वर हेही ऐकावं लागलं की रक्कम तुम्ही स्वतःच्या मर्जीने पाठवलीय. फसवणुकीत पैसे माणूस स्वतःच देतो, म्हणून तर तिला फसवणूक म्हणतात. दरोडा असता तर मी तसं सांगितलं असतं.

आणि या एकाही टेबलावर कुणाला १९५४चा जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा आठवला नाही. डायबेटीस बरा करतो अशी औषधाची जाहिरात करणं हाच त्या कायद्याखाली गुन्हा आहे. रोगांच्या यादीत डायबेटीसचं नाव आहे, पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे पुडीत काय होतं हे सिद्ध व्हायच्या आधी नुसतं ते पत्रक पुरेसं होतं. पत्रक माझ्याकडे आहे. मी ते पुढे केलं तर साहेबांनी विचारलं, “हे कोण वाटत होतं त्याचं नाव सांगा.” ते शोधायचं काम माझं आहे काय?

ग्राहक आयोगात तक्रार दिलीय. पाच लाखांच्या आत फी लागत नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात देता येते, हा एकच दिलासा. तिथेही पहिला प्रश्न आला तो पावतीवरच्या ‘देणगी’ या शब्दाचा.

कुणी तुम्हाला बाहेर तपासू नका म्हणालं की तिथूनच उठा. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी ही तपासणी शिरा खाऊन किंवा उपाशी राहून फिरवता येत नाही, ती तुमच्या ओळखीच्या लॅबमध्ये करा. मी शेवटी केली, तेव्हा ८.७ होती. गोळ्या महाग पडतात म्हणून कुणी अशा नादी लागत असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा, मेटफॉर्मिनसारख्या गोळ्या तिथे फुकट मिळतात. वजन उतरवून, खाणं सांभाळून काही जणांच्या गोळ्या कमी होतात, बंदही होतात, हे खरं आहे आणि डॉक्टरही ते सांगतात. पण ते तपासत-तपासत, त्यांच्या देखत होतं. इन्सुलिन तर कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. भावाच्या सांगण्यावरूनही नाही.

अक्का परत इन्सुलिनवर आहे, भिंत धरून चालते. मला एका शब्दाने बोलली नाही.

गेल्या आठवड्यात पेपरातून नवं पत्रक आलं. नाव वेगळं, फोन नंबर वेगळा, चित्रातला लाकडी पेला तोच, आणि या वेळी जागा निपाणीकडची. फेब्रुवारीच्या त्या हॉलमध्ये माझ्याबरोबर शंभरावर माणसं होती. तुमच्यापैकी कुणी होता, आणि घरात एखादं न फोडलेलं पाकीट पडलं असेल, तर ते फेकू नका आणि फोडूही नका. माझ्या तक्रारीला आज फक्त तेवढंच कमी पडतंय.